गाव, मैदान आणि देशाची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात व्यायामशाळा आणि वाचनालय एकाच टिनाच्या छपराखाली आहे. गाव अमरावती जिल्ह्यातलं, चहूकडे कपाशी आणि तूर. संध्याकाळी कबड्डीचा सराव आटोपला की पोरंपोरी ओसरीत टेकतात, पाणी पितात आणि प्रश्न विचारतात. कधी त्यांचे बापही येऊन बसतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न फिरून आले, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

राष्ट्राची ओळख म्हणजे नेमकं काय? झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, नकाशा आहे. तेवढं पुरत नाही का?

त्या खुणा आहेत आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण नकाशावर रेघ ओढली म्हणून मेळघाटातल्या धारणीच्या कोरकू आदिवासी माणसाला केरळातला कोळी आपला वाटायला लागत नाही. ते वाटायला काहीतरी सोबत केलेलं, सोबत सोसलेलं, सोबत पाहिलेलं असावं लागतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी कशासाठी मार खाल्ला हे इतिहास सांगतो. सणाला काय करायचं, दारी आलेल्याला काय द्यायचं, मेलेल्याला निरोप कसा द्यायचा हे संस्कृती शिकवते. आणि खेळात अनोळखी माणसं एका बाजूनं उभी राहतात.

कबड्डीत साखळी धरतात ना, तसं आहे हे. चढाईवाला आत आला की शेजारच्याचा हात घट्ट धरायचा असतो. शेजारचा कोणाचा कोण, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. पण तो हात आयत्या वेळी सापडत नाही. रोज संध्याकाळी धरून धरून तो सवयीचा झालेला असतो. देशाची ओळखही अशीच सरावानं अंगात येते, असं माझं मत आहे. पुढची सगळी उत्तरं याच मतातून आली आहेत.

आपल्या अमरावतीची पोरं बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये गेली होती म्हणतात. खरं आहे का?

अगदी खरं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. 1936 साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं तेव्हा या मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. आपल्याकडच्या मातीत, अनवाणी, ‘हुतुतू’ म्हणत खेळला जाणारा खेळ जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंसमोर मांडला गेला, तो आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी.

त्याच ऑलिम्पिकमध्ये, 15 ऑगस्ट 1936 रोजी, ध्यानचंद यांच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. तेव्हा आपण इंग्रजांच्या अमलाखाली होतो. संघ भारताचा होता, पण मैदानावर आपला झेंडा नव्हता. सुवर्णपदक मिळालं तरी वर चढायला आपलं निशाण नाही, हे त्या खेळाडूंच्या मनाला किती लागलं असेल! नंतर बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. आणि 12 ऑगस्ट 1948 रोजी लंडनमध्ये, इंग्रजांच्याच राजधानीत, आपल्या हॉकी संघानं ब्रिटनला 4-0 नं हरवून सुवर्ण जिंकलं. या वेळी तिरंगा वर गेला.

पोरांना मी हा भाग नेहमी दोनदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगताना 1936 आणि 1948 या दोन साली तेच सुवर्ण, तोच खेळ, फक्त झेंडा बदललेला, एवढंच सांगतो. बाकी त्यांना आपोआप कळते.

मल्लखांब आपला आहे की दुसरीकडून आलेला?

आपला, मराठी मातीतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जीव दिला. पुढे तो आखाड्याआखाड्यांतून पसरला. खांब सागाचा किंवा शिसवाचा, त्याला एरंडेल लावतात. आमच्या व्यायामशाळेतल्या खांबाचा मधला भाग इतक्या वर्षांच्या मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी असा गुळगुळीत झाला आहे की दिवा लावला की तो तेवढाच भाग चमकतो. वरच्या बोंडाशी मात्र लाकूड अजून खरखरीत आहे, कारण तिथपर्यंत पोचणारे थोडे.

इतिहासाच्या पुस्तकात सगळं पुण्या-मुंबईचं असते. आपल्या भागात काही झालंच नाही काहून?

झालं. फार झालं. आपणच आपल्या लेकरांना सांगितलं नाही.

16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला लोक ‘चले जाव’च्या लढ्यात रस्त्यावर आले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही. गोळीबार झाला, माणसं गेली. नंतर चिमूरमध्ये फौज शिरली आणि तिथल्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले ते ऐकून अंगावर काटा येतो. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं. त्रेसष्ट दिवस! आमच्या वाचनालयात एका मुलीनं हा आकडा ऐकून बोटांवर महिने मोजले होते.

या भागात लोकांना जागं करणारं वाद्य होतं खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गावोगाव खंजिरीवर भजनं म्हणत फिरले, आणि इंग्रजांनी त्यांनाही पकडून तुरुंगात टाकलं. त्यांचा जन्म 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांचं गुरुकुंज मोझरीला आहे, नागपूरच्या रस्त्यावर. इतिहास, संस्कृती आणि देश यांची गाठ एका माणसात कशी पडते, हे पाहायचं असेल तर दूर कुठं जायची गरज नाही.

आणि त्याच्याही आधी, 1858 साली, चांद्याच्या तुरुंगात गोंड वीर बाबूराव शेडमाके फासावर गेले. तारीख 21 ऑक्टोबर. तेव्हाच्या चांद्याच्या जंगलात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, गोंड माणसं इंग्रजांशी लढली. ती भारताचीच लढाई होती. तिला आदिवासींची वेगळी लढाई म्हणून बाजूला काढलं की आपण आपलीच ओळख अर्धी करून टाकतो.

पोळा आपला सण आहे, पण देशाची ओळख त्यातून कशी होते? पंजाबात तर पोळा नाही.

पंजाबात पिकाची बैसाखी आहे, तमिळनाडूत मट्टू पोंगल आहे, त्यात तर जनावरांचीच पूजा होते. शेतकरी माणूस जनावराचे उपकार मानतो, ही गोष्ट ठिकठिकाणी सापडते. नावं वेगळी, खूण एक.

पण पोळ्याचं सांगतो. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्यावर घट्टा पडलेला असतो. त्यावर हळद आणि लोणी पळसाच्या पानानं लावायचं, हळूच चोळायचं आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” माझे वडील हे म्हणताना आवाज खाली आणत, जसं मोठ्या माणसाला बोलावतात. बैलाला ‘या’ म्हणणारी, आदरानं आवतण देणारी भाषा मला लहानपणी मिळाली. यापेक्षा मोठा संस्कार मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली आणतात. झडत्या सुरू होतात. एक जण चार ओळी म्हणतो, शेवटी सगळे मिळून ‘हर बोला हर हर महादेव’ करतात. या झडत्यांत लोक पुराणातलं तर म्हणतातच, पण कपाशीच्या भावाचं, न झालेल्या पावसाचं, पुढाऱ्याच्या न पाळलेल्या शब्दाचंही म्हणतात. गावाला स्वतःचं म्हणणं चारचौघांत, गाण्यात मांडायची ही जागा. पाडव्याला म्हणजे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन लेकरं निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहण्यासारखा असतो, तिथले लाकडी नंदी माणसाएवढे मोठे असतात. त्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. इडा-पिडा घेऊन जा, असं ओरडत गावाबाहेर नेऊन ती जाळतात. रोगराईपासून परकीय सत्तेपर्यंत जे जे नको, ते ते लोकांनी त्या पुतळ्यावर घातलं.

शंकरपट बंद होता, परत सुरू झाला. हे प्रकरण काय होतं? अन् तुमचं मत?

शंकरपट म्हणजे आपल्याकडची बैलजोड्यांची शर्यत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण प्रत्यक्षात शर्यती थांबलेल्याच राहिल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले.

आमच्याकडे तळेगाव दशासरचा शंकरपट नावाजलेला. हाकणारा धुरकरी हलक्या छकड्यावर, समोर सरळ धावपट्टी, आणि जोडी किती सेकंदांत पार करते त्यावर निकाल. हा सगळा खेळ दहा-बारा सेकंदांत संपून जातो, पण त्यासाठी माणूस जोडीला वर्षभर पोटच्या लेकरासारखं पाळतो. बंदीच्या काळात चांगल्या जोड्या विकल्या गेल्या, हे मी पाहिलं आहे.

माझं मत असं: बंदी मागणाऱ्यांना वैरी समजू नका. शेपटी पिरगाळणं, आर म्हणजे काठीच्या टोकाचा खिळा टोचणं हे होत होतं, आणि ते चूक होतं. जनावराला आवतण देणाऱ्या गावानं त्याला आर कशी टोचावी? न्यायालयाच्या अटी, पशुवैद्याची तपासणी, चाबूक नको हे सगळं मला पोळ्याच्याच परंपरेतलं वाटतं. परंपरा टिकवायची म्हणजे तिच्यातली घाण काढून टिकवायची. शेत वखरताना आपण तण तसंच ठेवतो का?

झाडीपट्टीतली नाटकं म्हणजे काय? आम्ही वऱ्हाडातले, आम्हाले माहीत नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीचा मुलूख. तिथं दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठं शंकरपट भरतो आणि रात्री नाटक. रात्रभर. लोक घोंगड्या-चादरी घेऊन येतात, पोरं मांडीवर झोपतात, पहाटे पडदा पडतो. होळीपर्यंत हे चालतं. वडसा हे या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कितीतरी गावांनी फटाके फोडले असतील.

दिवसा पट, रात्री नाटक, मधल्या वेळात पाहुण्यांच्या घरी जेवण आणि जमलंच तर एखादी सोयरीक. खेळ आणि संस्कृती हे दोन वेगळे विषय आहेत, असं शाळेत शिकवतात. झाडीपट्टीत ते एकाच मंडपात नांदतात.

क्रिकेटनं बाकीचे खेळ खाल्ले, असं तुम्हाले वाटत नाही का?

काही प्रमाणात वाटतं. पण क्रिकेटवर राग धरून उपयोग नाही, आणि तो न्यायाचाही नाही. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळत होता. साठ वर्षं कोणी विचारत नव्हतं. 2017-18 च्या मोसमात फैज फझलच्या नेतृत्वाखाली आपण इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा जिंकलो, पुढच्या वर्षी परत जिंकलो, आणि 2024-25 मध्ये केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. उमेश यादव खापरखेड्याचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. तो भारताकडून कसोटी खेळला तेव्हा खाणीच्या वसाहतीतल्या पोरांना प्रथमच वाटलं की देशाच्या संघात आपल्यासारखा चेहरा असू शकतो.

हे वाटणं फार मोलाचं आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये जॉर्जियात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून आली, नागपूरच्याच ओजस देवतळेनं 2023 मध्ये धनुर्विद्येत जगज्जेतेपद मिळवलं. आमच्या वाचनालयात त्यानंतर बुद्धिबळाचे दोन पट आणावे लागले.

आपण विदर्भाचा अभिमान धरला तर महाराष्ट्राचा, देशाचा अभिमान कमी होते का?

नाही. आईवर प्रेम केलं म्हणून आजीवरचं कमी होत नाही. विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, त्याआधी विदर्भाला काय द्यायचं हे ठरवणारा 1953 चा नागपूर करार झाला. त्या करारातलं काय पाळलं गेलं, काय नाही, यावर भांडण आहे आणि ते लोकशाहीनं भांडायचं आहे. वेगळा विदर्भ मागणाराही भारताचाच माणूस, न मागणाराही.

दुसऱ्या देशांत खेळातून ओळख झाल्याचं एखादं उदाहरण?

दोन सांगतो. आयर्लंड इंग्रजांच्या ताब्यात असताना, 1884 मध्ये, तिथल्या लोकांनी आपले जुने खेळ वाचवायला संघटना काढली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे खेळ गावागावांत परत उभे केले. आपले वैद्य बंधू ज्या काळात अमरावतीत उभे राहिले त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. गुलामीतली माणसं वेगवेगळ्या खंडांत एकच रस्ता शोधत होती.

दुसरं दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या रग्बी संघाची हिरवी जर्सी काळ्या लोकांना जुलमाची खूण वाटायची. 24 जून 1995 रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेल्सन मंडेला तीच जर्सी घालून मैदानात उतरले, कर्णधार पिनारच्या सहा नंबरची. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसानं ती घातली. एका दिवसात देश सुधारला नाही, पण त्या जर्सीचा अर्थ बदलला.

आपण हरलो तर? 2018 मध्ये कबड्डीत इराणनं हरवलं होतं.

जकार्ताला. कबड्डी 1990 मध्ये आशियाई खेळांत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण दरवेळी आपलंच होतं. 2018 मध्ये इराणनं उपांत्य सामन्यात आपल्याला 27-18 नं हरवलं. महिलांचा अंतिम सामनाही इराणनंच 27-24 असा जिंकला. आणि इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन.

त्या रात्री आमच्या ओसरीत दोन तट पडले. काही पोरं म्हणाली, बाईंनी देशाविरुद्ध शिकवलं. मला तसं वाटत नाही. आपला खेळ इतका दूर गेला की तो आपल्यालाच हरवू शकला, आणि तो शिकवणारी बाई आपली होती. यापेक्षा मोठा मान कबड्डीला कोणता मिळायचा? पुढच्या आशियाई खेळांत, 2023 मध्ये हांगझोऊला, दोन्ही सुवर्णं परत आली.

मुलींना मैदानात पाठवायचं का? लोक नावं ठेवतात.

पाठवा. लोक तीन महिने नावं ठेवतात, मग सामना पाहायला येतात.

एक गोष्ट मात्र अजून सलते. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या मुलींचा सामना एप्रिलच्या दुपारी दोन वाजता लावला. मुलांचे सामने संध्याकाळी, दिव्याखाली. जमिनीला हात लावला तर चटका बसत होता. मुली खेळल्या, पकडी केल्या, कोपरं सोलली. बक्षीस समारंभात त्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं. परत येताना जीपमध्ये एक मुलगी म्हणाली, “सर, आपण देशाचं नाव काढायचं म्हणता, पण आमचंच नाव कोणी घेत नाही.” ज्या देशाची ओळख अर्ध्या माणसांना दुपारच्या उन्हात ठेवते ती पुरी झालेली नाही.

अन् जात? पोळ्यात मानावरून भांडणं होतात, ती खेळात येत नाहीत का?

येतात. कोणाची जोडी आधी तोरणाखाली, यावरून डोकी फुटली आहेत. हे लपवून संस्कृतीचं गुणगान करणं खोटेपणा होईल.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आमच्या गावातूनही माणसं गेली होती, काही पायी. दरवर्षी दसऱ्याला आजही दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. ती गर्दी, ती भीमगीतं, पांढरे कपडे घालून निघालेली म्हातारी माणसं, हाही आपल्या विदर्भाच्या संस्कृतीचा गाभा आहे. पोळ्याइतकाच. ज्यांना तोरणाखाली मागं उभं केलं त्यांनी देशाच्या राज्यघटनेला आपला सण केलं, हे मी पोरांना मुद्दाम सांगतो.

मैदानावर आमचा एकच नियम आहे: माठ एक, पेला एक.

पोराले कबड्डी खेळून काय भेटते? नोकरी लागते का?

काहींना लागते. पोलीस, रेल्वे, सैन्यदलात खेळाडूंची भरती असते. प्रो कबड्डी 2014 पासून सुरू झाल्यावर पैसाही आला. पण सगळ्यांना लागेल असं मी कोणत्याच बापाला सांगत नाही. पोरगं संध्याकाळी पानठेल्यावर न दिसता मैदानात दिसेल, एवढं नक्की सांगतो.

गावात सुरू करायचं तर काय लागते?

पुरुषांसाठी 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद जागा, महिलांसाठी 12 गुणिले 8. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची काढून मुरूम आणि मऊ माती चाळून टाका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या, तुरीचे खुंट हातानं वेचा, वखरानं सगळे निघत नाहीत. संध्याकाळी सरावाच्या तासभर आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ बसते. रेषांना पांढरी फक्की. दोन्ही बाजूंना सात-सात जण मिळाले तर उत्तम, नाही तर पाच-पाच घेऊन सुरू करा. पहिल्या आठवड्यात चढाई शिकवू नका, फक्त साखळी धरायला शिकवा.